मृद्गंध माशात का उतरतो?

तापलेल्या मातीवर पावसाचे पहिले थेंब पडले की जो वास सुटतो, त्याला आपल्या भाषेत मृद्गंध असं देखणं नाव आहे. तो आला की माणूस हातातलं काम सोडून खोल श्वास घेतो. आणि तोच वास ताटातल्या माशाला आला, की पहिल्याच घासाला हात थांबतो. मासा ताजा असतो. डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, मांस बोटाने दाबलं तर पुन्हा वर येणारं. तरीही जिभेवर माती येते, किंवा बरेच दिवस बंद राहिलेल्या तळघरासारखा कुबट वास नाकात चढतो.

'तोच वास' हे नुसतं साम्य दाखवण्यासाठी म्हटलेलं नाही. पावसाळी मातीतला रेणू आणि माशातला रेणू खरोखरच एक आहे.

पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करून फिरवणाऱ्या बंदिस्त टाक्यांमध्ये वाढवलेल्या माशांत ही अडचण वारंवार दिसते. या पद्धतीला मत्स्यशेतीत थोडक्यात 'आरएएस' म्हणतात. असा मासा खाल्लेला माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: मासा शिळा होता, नाहीतर घाण पाण्यातला होता. दोन्ही चूक आहेत, आणि हा गैरसमज दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. कारण ही पद्धत पाण्याची प्रचंड बचत करते, आणि तिची खरी दुखरी जागा कुठे आहे ते समजलं तरच तिच्यावर इलाज करता येतो.

शिळेपणाचं आधी बोलून टाकू. मासा मेल्यानंतर त्याच्या अंगावरचे जिवाणू मांसातल्या घटकांचं विघटन करू लागतात. समुद्री माशांत त्यातून ट्रायमिथाइलअमाइन नावाचं द्रव्य तयार होतं आणि तो ओळखीचा 'मासळलेला' वास येतो. तो तासागणिक वाढतो, बर्फाने लांबवता येतो. मातकट वासाचं तसं नाही. तो मासा जिवंत असताना, टाकीत पोहत असताना त्याच्या अंगात शिरतो. त्यामुळे पाण्याबाहेर काढून पाच मिनिटं झालेला मासाही मातकट लागू शकतो, आणि कितीही बर्फ घातला तरी त्यात फरक पडत नाही.

वासामागचे दोन रेणू

१९६५ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी मातीतल्या जिवाणूंपासून हा वासाचा पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं जिओस्मिन. ग्रीक भाषेत 'जी' म्हणजे पृथ्वी आणि 'ऑस्मे' म्हणजे वास. म्हणजे त्या नावाचा अर्थही आपल्या मृद्गंधाच्या जवळचाच. दुसरा रेणू टू-मिथाइलआयसोबोर्निऑल, बोलताना 'एमआयबी'. जिओस्मिनचा वास ओल्या मातीचा, बिटासारखा. बिटाला जो मातीचा वास असतो तोही जिओस्मिनचाच. एमआयबीचा वास थोडा कापराकडे झुकणारा, बुरसट, कुबट. टाकीतल्या माशांना येणाऱ्या वासांत आणखीही काही द्रव्यांचा हात असतो, पण बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हे दोघेच सापडतात.

त्यांच्याबद्दल सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे आपलं नाक. एक लिटर पाण्यात जिओस्मिन अवघं पाच-दहा नॅनोग्रॅम असलं तरी अनेकांना ते जाणवतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. वेगळ्या शब्दांत, लिटरला पाच नॅनोग्रॅम म्हणजे एक ग्रॅम जिओस्मिन वीस कोटी लिटर पाण्यात. ऑलिंपिकमधले पोहण्याचे ऐंशी तलाव भरतील इतक्या पाण्यात चिमूटभर पदार्थ, आणि तरी नाकाला पत्ता लागतो. इतक्या कमी मात्रेला या पदार्थांची विषबाधा होत नाही. मातकट मासा खाल्ल्याने कुणी आजारी पडत नाही. प्रश्न चवीचा आणि विश्वासाचा आहे. पण ज्याला घासच गिळवत नाही त्याला 'हे निरुपद्रवी आहे' असं सांगून काय उपयोग?

हे रेणू बनवतात कोण? मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे, बुरशीसारखे तंतू पसरवणारे जिवाणू असतात. मृद्गंधातला जिओस्मिन मुख्यतः त्यांचा. पाण्यात निळे-हिरवे जिवाणू, म्हणजे ज्यांना आपण सरसकट शेवाळात मोजतो ते, हेच काम करतात. शिवाय मिक्सोबॅक्टेरिया नावाचा आणखी एक गट आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या कुळांनी हाच रेणू बनवण्याची यंत्रणा जपून ठेवावी याचं कोडं बरीच वर्षं होतं. त्याचं एक उत्तर २०२० मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दिलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले, उड्या मारणारे जीव असतात. त्यांना जिओस्मिनचा आणि एमआयबीचा वास खेचून आणतो. ते येतात, स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि जाताना त्याचे बीजाणू अंगावर आणि पोटात घेऊन पसरवतात. फुलाने मधमाशीला बोलवावं तसंच हे. टाकीतल्या माशाशी या आमंत्रणाचा काही संबंध नाही. तो बिचारा भलत्याच्या निमंत्रणात सापडतो.

माशांतला हा वास आणि जिवाणू यांची सांगड मात्र जिओस्मिनचं नाव ठेवण्याच्या फार आधीच बसली होती. १९३६ मध्ये थायसन या शास्त्रज्ञाने नदीतल्या मातकट माशांचा मागोवा घेत स्ट्रेप्टोमायसिसच्याच गोतावळ्यातल्या जिवाणूंपर्यंत मजल मारली होती. म्हणजे हा दोष नव्या तंत्राने जन्माला घातलेला नाही. नद्या, तळी, मातीची मत्स्यतळी, सगळीकडे तो होताच. नव्या तंत्राने त्याला बारमाही मुक्काम दिला, एवढंच.

घर बांधलं एकासाठी, राहायला आले भलतेच

आरएएसची रचना थोडक्यात अशी. माशांच्या टाकीतलं पाणी बाहेर येतं ते आधी जाळीदार ड्रम फिल्टरमधून जातं. तिथे विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडतं. मग ते बायोफिल्टरमध्ये जातं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि अमोनिया त्यांनाच विषारी असतो. बायोफिल्टरमध्ये प्लॅस्टिकचे हजारो खाचाखोचांचे तुकडे किंवा तत्सम माध्यम भरलेलं असतं. त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि त्यातले काही जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बराच जास्त सोसतो. पुढे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवला जातो, प्राणवायू मिसळला जातो आणि पाणी पुन्हा टाकीत.

यातून होणारी बचत थोडीथोडकी नाही. नदीचं किंवा झऱ्याचं पाणी एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने सोडून देणाऱ्या जुन्या पद्धतीत वर्षाला एक किलो मासा वाढवायला सुमारे ३० हजार लिटर नवं पाणी लागतं. अगदी काटेकोर आरएएसमध्ये ते ३०० लिटरवर येतं. शंभरपट कमी.

आता हाच आकडा वासाच्या बाजूने पाहा. जुन्या पद्धतीत टाकीत जे काही तयार होतं ते वाहत्या पाण्याबरोबर निघून जातं. इथे ते वाहून न्यायला पाणीच शंभरपट कमी आहे. बाकी सगळं तसंच राहिलं तर तेवढाच जिओस्मिन शंभरपट घट्ट होणार.

आणि बाकी सगळं तसंच राहत नाही, कारण बायोफिल्टर. अमोनिया खाणारे जिवाणू स्वतः जिओस्मिन बनवतात असं नाही. पण त्यांच्यासाठी जे घर आपण बांधतो, म्हणजे भरपूर पृष्ठभाग, सतत प्राणवायू, स्थिर तापमान आणि पाण्यातून वाहत येणारे अन्नाचे कण, ते स्ट्रेप्टोमायसिस आणि मिक्सोबॅक्टेरिया यांनाही तितकंच मानवतं. टाक्या बहुधा छताखाली असतात, ऊन कमी असतं, त्यामुळे उघड्या तळ्यात ज्यांचं राज्य असतं ते निळे-हिरवे जिवाणू इथे दुय्यम ठरतात. तळ्यात वास हंगामी असतो. शेवाळाचा बहर ओसरला की तोही ओसरतो. बंदिस्त टाकीत ना ऊन बदलतं ना ऋतू, त्यामुळे वासही ओसरायचं नाव घेत नाही.

इस्रायलमध्ये याप व्हान रेन यांच्या गटाने अशा टाक्यांचा कोपरान्‌कोपरा तपासला. त्यांना हे वासाचे उत्पादक जिथे प्राणवायू आणि सेंद्रिय गाळ दोन्ही मुबलक, अशा भागांत ठाण मांडून असलेले दिसले: गाळ अडवणाऱ्या गाळणीत, पाणी ठिबकत जाणाऱ्या बायोफिल्टरमध्ये. उलट, जिथे गाळ प्राणवायूविना कुजत ठेवला होता त्या कुंडात जिओस्मिन आणि एमआयबी कमी होत होते. काही गाळाला चिकटून राहत होते, काही तिथले जिवाणू फस्त करत होते. मला यातली पहिली गोष्ट मत्स्यपालकासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते. गाळ साचून राहणं हाच वासाचा खुराक आहे. पाइपच्या वळणांत, टाकीच्या मेलेल्या कोपऱ्यांत, फिल्टरच्या मागच्या बाजूला जे साचतं ते डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे कुणाच्या तरी ताटात त्याचा वास येतो.

चरबी वास ओढून घेते

आता या सगळ्या गोष्टीचा गाभा. पाण्यात इतका कमी असलेला पदार्थ माशात इतका ठळक का होतो?

मासा पाण्यातून प्राणवायू घेण्यासाठी कल्ल्यांवरून अखंड पाणी फिरवत असतो. कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ असते की पाणी आणि रक्त यांच्यात जवळपास पडदाच नसावा. जिओस्मिन याच वाटेने आत जातो. पोटातून आणि त्वचेतूनही थोडा जातो, पण खरा दरवाजा कल्ल्यांचाच. आणि तो आत जातो कारण त्याला पाण्यापेक्षा चरबी जास्त आवडते. किती जास्त, तेही मोजलेलं आहे. तेलासारखं द्रव्य आणि पाणी एकत्र ठेवून त्यात जिओस्मिन सोडला, तर तो पाण्यात जेवढा उरतो त्याच्या सुमारे ३,७०० पट दाटीने तेलात जाऊन बसतो.

याचं गणित कागदावर मांडता येतं. समजा टाकीच्या पाण्यात लिटरला १० नॅनोग्रॅम जिओस्मिन आहे. माशाच्या मांसात चरबी ५ टक्के आहे. ३,७०० चे ५ टक्के म्हणजे साधारण १८५. तेव्हा मासा पुरेसा वेळ त्या पाण्यात राहिला तर त्याच्या मांसात पाण्याच्या १८५ पट, म्हणजे किलोमागे सुमारे १,८५० नॅनोग्रॅम किंवा १.८५ मायक्रोग्रॅम जिओस्मिन साठू शकतो. रेनबो ट्राउट माशात किलोमागे सुमारे ०.९ मायक्रोग्रॅम झालं की चाखणाऱ्यांना मातकटपणा कळू लागतो असं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे जे पाणी माणसाच्या नाकाला जेमतेम कळतं, त्या पाण्यातला मासा सीमारेषेच्या दुप्पट मातकट होऊन बसला.

चरबी १५ टक्के धरा, वाढवलेल्या सॅमनसारखी. मग तोच आकडा साडेपाच मायक्रोग्रॅमवर जातो. चरबी २ टक्के धरा, तर पाऊण मायक्रोग्रॅमच्या आसपास, सीमेच्या किंचित खाली. एकाच टाकीतला बारीक मासा चवीला निर्दोष आणि शेजारी पोहणारा गुबगुबीत मासा मातकट, असं होऊ शकतं ते यामुळे. प्रत्यक्षात माशात नेहमीच हिशोबाइतकं साठतं असं नाही, कारण शरीर काही भाग मोडून टाकतं आणि वाढत्या माशाला पाण्याशी समतोल साधायला वेळही लागतो. पण दिशा हीच. ज्या चरबीमुळे मासा चविष्ट लागतो, तीच त्याच्यातला वास धरून ठेवते.

आत जाणं झटपट होतं, काही तासांतच मांसात वास जाणवण्याइतका साठा होऊ शकतो. बाहेर पडणं मात्र दिवसांच्या, कधी आठवड्यांच्या हिशोबाने. मत्स्यपालकाच्या सगळ्या डोकेदुखीचं मूळ या विषमतेत आहे. महिनाभर पाणी छान राहिलं आणि मासे काढण्याच्या आदल्या दिवशी कुठलासा साचलेला गाळ हलला, तर महिनाभराची मेहनत एका दिवसात मातकट होते.

पाण्यातूनच काढून टाकता येत नाही का?

हा प्रश्न सुचणं स्वाभाविक आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांनी तो बऱ्याच प्रमाणात सोडवलाही आहे. तिथेही उन्हाळ्यात नळाला मातीचा वास येतो, आणि सक्रिय कोळसा किंवा ओझोन वापरून तो काढता येतो. माशांच्या टाकीत हेच उपाय अडखळतात.

कोळशाच्या छिद्रांत जिओस्मिन छान अडकतो, पण आरएएसचं पाणी चहासारखं पिवळसर असतं. त्यात खाद्य आणि विष्ठेतून उतरलेली इतर सेंद्रिय द्रव्यं नॅनोग्रॅममध्ये नाही, मिलिग्रॅममध्ये असतात. जिओस्मिनच्या लाखपट. ती कोळशाची छिद्रं आधीच अडवून बसतात. ओझोनचंही तसंच. तो पाण्यातल्या सगळ्याच सेंद्रिय द्रव्यांवर तुटून पडतो आणि जिओस्मिनपर्यंत पोचण्याआधीच संपतो. मात्रा वाढवावी तर उरलेला ओझोन कल्ले जाळतो. माशांना सोसेल इतक्याच मात्रेत ओझोन वापरून केलेल्या प्रयोगात पाण्याचा किंवा मांसाचा वास कमी झाला नाही. खाऱ्या पाण्यात आणखी एक पेच आहे: समुद्राच्या पाण्यातल्या ब्रोमाइडशी ओझोनची गाठ पडली की माशांना घातक अशी ब्रोमिनची संयुगं तयार होतात. अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र वापरण्यासारख्या जहाल पद्धतींवर काम चालू आहे, पण गढूळपणा आणि सेंद्रिय भार हा अडथळा त्यांच्यापुढेही आहेच.

पाणी हवेत उडवून वास घालवावा म्हटलं तर हे रेणू फारसे उडून जाणारे नाहीत. कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्र त्यांच्यापुढे जवळजवळ हतबल ठरतं.

जिओस्मिन खाणारे जिवाणू निसर्गात आहेत, हे खरं. पण लिटरला दहा-वीस नॅनोग्रॅमवर कुठल्याच जिवाणूचं पोट भरणार नाही. दुसरं काही खाताना जाताजाता ते जिओस्मिनही मोडतात, इतकंच. त्यांना नेमकं हेच काम करायला लावणं सोपं नाही.

उघड्या तळ्यांत निळे-हिरवे जिवाणू मारायला मोरचूद वापरतात. त्यातही एक खोच आहे. या जिवाणूंच्या पेशींतच जिओस्मिनचा बराच साठा असतो. ते एकदम मेले की पेशी फुटतात आणि साठा पाण्यात मोकळा होतो. म्हणजे औषध मारल्यावर दोन दिवस मासे आधीपेक्षा जास्त मातकट. घाईने मासे काढणाऱ्याला तो दणका बसतो.

उपाशी ठेवण्याचे दिवस

म्हणून आज मत्स्यपालकाचा भरवशाचा उपाय एकच आहे, आणि तो जुनाच आहे. विक्रीआधी मासे स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या वेगळ्या टाकीत हलवायचे, खाद्य बंद करायचं आणि वाट पाहायची. धंद्यात याला पर्जिंग म्हणतात. आत शिरताना जे गणित माशाच्या विरुद्ध होतं तेच आता उलट फिरतं. बाहेरच्या पाण्यात जिओस्मिन नाही, तेव्हा चरबीतला साठा रक्तात, रक्तातला कल्ल्यांवाटे पाण्यात, असा हळूहळू ओसरतो.

ओसरण्याची रीत लक्षात घ्यायला हवी. रोज ठरावीक मायक्रोग्रॅम कमी होत नाहीत. ठरावीक काळात उरलेल्याच्या निम्मं होतं. समजा एखाद्या माशात ५.६ मायक्रोग्रॅम आहे आणि निम्मं व्हायला तीन दिवस लागतात. तीन दिवसांनी २.८, सहा दिवसांनी १.४, नऊ दिवसांनी ०.७. पहिल्या तीन दिवसांत अर्धा साठा जातो, म्हणून काहींना वाटतं की काम झालं. पण सीमारेषा ०.९ ला आहे, आणि सहाव्या दिवशीही मासा तिच्या वरच आहे. शेवटचे तीन दिवसच निर्णायक असतात, आणि घाईत नेमके तेच कापले जातात. मोठ्या, चरबीदार माशांना जास्त दिवस लागतात. थंड पाण्यात माशाचा श्वास आणि रक्ताभिसरण मंद असल्याने आणखी जास्त. आरएएसमधल्या सॅमनला एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक ठेवतात.

खाद्य का बंद करायचं? एक तर खाल्लं की विष्ठा आली, विष्ठा आली की जिवाणूंना अन्न आलं, आणि आपण ज्यापासून पळतोय तेच नव्या टाकीत सुरू झालं. दुसरं, पोट रिकामं असलेला मासा कापायला आणि टिकायलाही बरा. याची किंमत मोजावी लागते हे मान्य करायला हवं. या दिवसांत माशाचं वजन घटतं, टाकी अडून राहते, नवं पाणी लागतं, आणि ते नेमकं त्या व्यवस्थेत जिचा जन्मच पाणी वाचवण्यासाठी झाला. म्हणून मालकाचा हात पर्जिंगचे दिवस कमी करण्याकडे जातो, हे मला समजतं. पण दोन वर्षं वाढवलेल्या माशावर शेवटच्या चार दिवसांत कंजुषी करणं मला अजिबात पटत नाही. मातकट मासा एकदा खाल्लेला माणूस पुन्हा तो घेत नाही, आणि शेजाऱ्यालाही घेऊ देत नाही.

पर्जिंगची टाकी स्वतः किती स्वच्छ आहे, याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. वरचंच गणित वापरू. १५ टक्के चरबीच्या माशात पाण्याच्या साडेपाचशे पट जिओस्मिन बसतो. तेव्हा पर्जिंगच्या पाण्यात लिटरला फक्त २ नॅनोग्रॅम असला, तरी मासा किलोमागे १.१ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरणारच नाही. पंधरा दिवस ठेवा, महिना ठेवा. पाण्याला नाक लावलं तर काहीही कळणार नाही, आणि मासा मातकटच राहील. ज्यांना 'इतके दिवस ठेवूनही वास जात नाही' असा अनुभव येतो, त्यांनी आधी टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहावं. बुळबुळीत लागलं तर कारण तिथेच आहे.

अमेरिकेतल्या फ्रेशवॉटर इन्स्टिट्यूटने सॅमनवर नेमकी हीच तपासणी केली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मासे घालण्याआधी टाक्या हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक केलेल्या आणि पाण्यात हवा मिसळण्यासाठी खाचाखोचांचं माध्यम न वापरलेल्या, अशा ठिकाणी माशांतला जिओस्मिन सर्वांत कमी राहिला. याचा अर्थ सरळ आहे. जिवाणूंना बसायला जागा दिली की ते बसतात. पर्जिंगच्या टाकीत बायोफिल्टर नको, खडबडीत पृष्ठभाग नको, लांबलचक जुने पाइप नकोत, आणि प्रत्येक खेपेआधी घासून, निर्जंतुक करून, नीट धुऊन घ्यायला हवी. जुन्या टाकीतलं पाणी माशांबरोबर नव्या टाकीत आणायचं नाही, हे तर सांगायलाही नको, पण घाईत हेच घडतं.

वास आला की नाही, हे ठरवायचं कुणी?

प्रयोगशाळेत यंत्रावर नॅनोग्रॅमपर्यंत मोजता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि ते प्रत्येकाच्या आवाक्यात नसतं. म्हणून माणसाचं नाक अजूनही कामाला आहे. अमेरिकेतल्या कॅटफिशच्या धंद्यात तर प्रक्रिया कारखाने तळ्यातला नमुना आधी शिजवून चाखतात, आणि मातकट लागला तर ते सगळं तळं थांबवून ठेवतात.

एक अडचण आहे. दिवसभर टाक्यांशेजारी वावरणाऱ्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं. त्याला खरंच काही जाणवत नाही, तो खोटं बोलत नसतो. म्हणून चाखणारा बाहेरून आलेला हवा, आणि एकापेक्षा जास्त जण असले तर उत्तम, कारण या वासाची जाण माणसागणिक बरीच बदलते. मासाही एकच घेऊन भागत नाही. टाकीतले सगळ्यांत मोठे, लठ्ठ मासे निवडावेत. ते स्वच्छ निघाले तर बाकीचे निघणारच. तुकडा पोटाकडच्या चरबीदार भागाचा घ्यावा. मीठ नाही, मसाला नाही, तेल नाही.

आंबटाने हा वास कमी होतो का, असं बरेच जण विचारतात. आम्ल लागलं की जिओस्मिनचा रेणू मोडतो आणि त्यापासून बनणाऱ्या पदार्थाला वास नसतो, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरं आहे. त्यामुळे लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा थोडा सुसह्य लागतो. पण चरबीच्या आत दडलेल्या साठ्यापर्यंत आंबट सहजी पोचत नाही, आणि नुसतं शिजवल्याने तर वास जातच नाही. उलट गरम वाफेबरोबर तो आधी नाकात येतो. खाणाऱ्याला हे त्रासाचं, पण तपासणाऱ्याच्या नेमकं पथ्यावर पडणारं.

तेव्हा मासे काढण्याच्या आदल्या दिवशी तो अळणी तुकडा झाकणाच्या भांड्यात वाफवायचा. झाकण उघडताच पहिला श्वास नाकाने घ्यायचा, मगच घास तोंडात. मातीचा किंवा कुबट वास जरासा जरी आला, तरी ती खेप टाकीतच ठेवायची. खाद्य घालायचं नाही, पाणी वाहतं ठेवायचं, भिंती पुन्हा तपासायच्या, आणि तीन दिवसांनी पुन्हा भांडं चुलीवर चढवायचं.